गावाचा आवक-जावक हिशेब

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, की खेड-शिवापूरचा टोलनाका आणि नसरापूरचा चेलाडी फाटा मागे पडल्यावर कापूरहोळ येतं. इथे महामार्गावरून एक रस्ता भोरला फुटतो आणि दुसरा नारायणपूरवरून सासवडकडे जातो. संभाजी महाराजांना ज्यांनी आपलं दूध पाजलं त्या धाराऊ गाडे याच गावच्या. पण आज बहुतेकांच्या लेखी कापूरहोळ म्हणजे फाटा: एसटी थांबते, वडाप भरतं, बालाजीच्या आणि दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या चहासाठी बाजूला लागतात.

या फाट्यावर तासभर उभं राहिलं, तर भोर-वेल्ह्याच्या अर्थकारणाचा बराचसा भाग डोळ्यांसमोरून जातो. आत जाणाऱ्या वाहनांत सिमेंट, सळया, युरियाच्या गोण्या, पशुखाद्य, गॅसचे सिलिंडर, बाटलीबंद पाणी आणि वेफर्सच्या पुड्यांच्या माळा. बाहेर येणाऱ्या वाहनांत दूध, भाजीपाला, इंद्रायणी तांदळाची पोती, हंगामात ऊस आणि रोज सकाळी शिरवळच्या किंवा पुण्याच्या कारखान्यांकडे निघालेली तरणी मुलं. तांदळाच्या प्रत्येक पोत्याबरोबर खाचरातलं नत्र, स्फुरद आणि पालाश शहरात जातं. तिथे ते खाल्लं जातं, गटारातून नदीत जातं किंवा कचऱ्यात मिसळून डेपोवर जातं. ज्या खाचरातून ते आलं, तिथे परत येत नाही. त्याची भरपाई म्हणून युरियाची गोणी येते आणि ती गोणी रिकामी झाली की ओढ्याच्या काठी फडफडत राहते.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे: गावात काय येतं, गावातून काय जातं, जे टाकून दिलं जातं त्यातलं काय पुन्हा कामाला लावता येईल, आणि ते काम कोण करील. अभ्यासक याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. खाणीतून किंवा शेतातून वस्तू काढायची, वापरायची, फेकायची, ही सरळ रेषेतली रीत सोडून वस्तू आणि त्यांतली द्रव्यं शक्य तितका काळ वापरात ठेवायची, जे सजीवांतून आलं ते मातीत परत न्यायचं, आणि दुरुस्ती, पुनर्वापर, वाटून वापर यांना उत्पादनाइतकाच मान द्यायचा, असं तिचं थोडक्यात सांगणं. २०१० साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या एलन मॅकआर्थर फाउंडेशनने हा विचार मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या बैठकीत नेऊन पोहोचवला. जपानमधल्या कामिकात्सु या डोंगरी, वयस्कर माणसांच्या लहानशा गावाने २००३ साली शून्य कचऱ्याचा संकल्प सोडला. तिथे कचऱ्याची गाडी फिरत नाही, लोक स्वतः केंद्रावर येऊन चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात. ही उदाहरणं उपयोगी आहेत. पण भोरच्या माणसाला या विषयाकडे जायला जपानवरून वळसा घालायची गरज नाही. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगात असताना शाश्वत अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्यातला मुख्य प्रश्न हाच होता की निसर्गाकडून घेतलेलं निसर्गाला परत जातं का.

आपल्या मुलखात या प्रश्नाची सुरुवात भातापासून करावी लागते.

भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, जमीन उताराची आहे, आणि पीक भाताचं. रोपं तयार करण्यासाठी इथे पिढ्यान् पिढ्या राब भाजतात. फाल्गुन-चैत्रात तरव्याच्या जागेवर शेण, झाडांचं कवळं, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि पेटवायचं. हे अडाणीपणाचं काम आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. भाजणीमुळे तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतो, रोपं तरारून वर येतात. शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला फायदा आहे तो. पण त्याची किंमतही मोजली पाहिजे. ज्या शेणातून खाचराला नत्र मिळालं असतं ते धुराबरोबर उडून जातं. कवळ्यासाठी ऐन-किंजळीची झाडं वर्षानुवर्षं ओरबाडली जाऊन खुंट उरतात. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पुढच्या पावसात ओढ्याला जाते.

राबाला पर्याय शोधणाऱ्यांमध्ये डॉ. नारायण सावंत यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. खतांवर संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने चारसूत्री भातशेती मांडली. तिची पहिली दोन सूत्रं म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्थेचा अस्सल मराठी धडा आहे. पहिलं सूत्र भाताच्याच अवशेषांचा फेरवापर. एक टन भात भरडला की साधारण २०० किलो तूस निघतं, आणि ते जाळलं तर ४० किलोच्या आसपास राख. या राखेचा मोठा हिस्सा सिलिका असतो. भाताचं रोप सिलिका भरपूर घेतं. तिच्यामुळे पात ताठ राहते आणि खोडकिड्याला तोंड द्यायला रोपाला बळ येतं. म्हणून गिरणीच्या मागे ढीग लावून पेटवून दिलेलं तूस काळसर राखेच्या रूपाने तरव्याच्या गादीवाफ्यात घालायचं, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. पांढरी होईपर्यंत जळलेली राख तितकी उपयोगी नाही, हेही सावंतांनी सांगून ठेवलं आहे. पहिल्या नांगरटीच्या वेळी हेक्टरी दोनएक टन पेंढा मातीत गाडायचा. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचं. बांधावर गिरिपुष्प लावायचं आणि चिखलणीच्या आधी त्याचा हिरवा पाला, हेक्टरी तीन टनांच्या आसपास, खाचरात पसरायचा. तिसरं सूत्र १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतराने नेमकी लावणी. चौथं सूत्र युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर खत वाहून जात नाही.

या पद्धतीत बाजारातलं खतही आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते. गावाने बाहेरचं काहीच घेऊ नये असा हट्ट इथे नाही. आधी घरचं जे वाया जातं ते मातीला द्या, मग जे कमी पडेल तेवढंच विकत आणा, आणि आणलेलं वाहून जाऊ देऊ नका. तरीही चारसूत्री सगळीकडे का रुजली नाही? गोळी हाताने खोचायला वेळ लागतो. लावणीच्या आठवड्यात माणूस मिळत नाही. पेंढा गाडायचा तर बैलाला काय घालायचं? आणि बैल नसेल तर पेंढा दूधवाल्याला विकून येणारे चार पैसे सोडायचे कशासाठी? या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या बहुतेक मजुरीच्या आहेत. हा धागा पुढे पुन्हा पुन्हा येईल.

शेणाचंही तसंच. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच मोठी जनावरं हवीत. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी स्लरी गोवऱ्या जाळून उरणाऱ्या राखेपेक्षा शेताला कितीतरी पटींनी उपयोगी असते. मात्र ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यापासून बैल गेले, आणि ज्यांची मुलं शिरवळला कामाला जातात त्या घरांत एखादीच गाय उरली आहे. अशा घराला गोबरगॅसचा सल्ला देणं म्हणजे त्याची चेष्टा करणं. त्याच्यासाठी पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांचा मार्ग अधिक जवळचा. नाडेपकाका या नावाने ते ओळखले गेले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं जाळीदार विटांचं टाकं. त्यात काडीकचरा, माती आणि शेण फक्त शंभर किलोच्या घरात. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं. शेण कमी आणि पालापाचोळा भरपूर, हीच आजच्या भोरची स्थिती आहे. रोज ५० किलो शेण ज्याच्याकडे नाही, त्याला वर्षातून एकदा १०० किलो गोळा करणं जमू शकतं.

एका गोष्टीबद्दल गावात मोकळेपणाने बोललं जात नाही, ती म्हणजे मैला. खाल्लेल्या अन्नातला नत्र-स्फुरदाचा मोठा वाटा त्यातच असतो, त्यामुळे त्याला वगळून मांडलेलं चक्र अपुरंच राहतं. या कामात महाराष्ट्राने जगाला दाखवावं असं काही केलेलं आहे. अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांनी मैलासफाईचं काम स्वतःला मिळावं अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येणार नाही म्हटल्यावर त्यांनी अन्न कमी केलं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. पुढे १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि मैल्यापासून सोनखत व वायू मिळवण्याचे प्रयोग केले. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेले डॉ. सुहास मापुसकर १९५९ साली पुणे जिल्ह्यातल्याच देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. हगवण, जंत, कावीळ यांवर औषध देत बसण्यापेक्षा शौचालय बांधणं हे त्यांना आधीचं काम वाटलं. सुरुवातीला उभारलेली शौचालयं पावसात कोसळली. ते थांबले नाहीत. संडासाच्या मैल्यावर चालणारं ‘मलप्रभा’ नावाचं बायोगॅस संयंत्र त्यांनी विकसित केलं, आणि अनेक दशकं देहूत राहून गाव बदलताना पाहिलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या वायूवर दूध तापतं तो कुठून आला हे माहीत असूनही घरातली बाई ते दूध तापवते, हा बदल घडायला एक आयुष्य गेलं.

इथपर्यंत आल्यावर जुन्या गावाबद्दल बोलणं टाळता येत नाही. चक्रीय अर्थव्यवस्थेचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे पूर्वी हेच होतं, काहीच वाया जात नव्हतं.’ त्यात तथ्य आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त ही व्यवस्था बारकाईने नोंदवली आहे. सुतार नांगर दुरुस्त करी, लोहार फाळ शेवटून देई, मेलेल्या जनावराच्या कातड्याची मोट आणि वहाणा होत, शेण-उकिरडा शेतात जाई, आणि सुगीला खळ्यावर बलुतं मिळे. द्रव्याचं चक्र पूर्ण होतं. पण ते फिरवण्याचं सगळ्यात घाण, सगळ्यात कष्टाचं काम जन्माने ठरलेल्या माणसांच्या डोक्यावर होतं, मोबदला शेतकऱ्याच्या मर्जीवर होता, आणि नकार देण्याची सोय नव्हती.

कापूरहोळहून भोरला जाणारा रस्ता पुढे वरंध घाट उतरून महाडला पोहोचतो. तिथे मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाबरोबरच मेलेली जनावरं ओढण्याचं आणि मृत मांस खाण्याचं सोडा, असं आपल्या लोकांना सांगितलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या विरोधात विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. मेलेलं जनावर ओढणं ही आजच्या भाषेत ‘संसाधन-पुनर्प्राप्ती’ होती. ती करणाऱ्यांनी ते काम फेकून दिलं, आणि ते योग्यच केलं. म्हणून गावाच्या पुनरुज्जीवनाचा कोणताही आराखडा समोर आला, की मी आधी एकच गोष्ट तपासतो: ओला कचरा कोण चिवडणार आहे, खड्डा कोण उपसणार आहे, आणि त्याचं नाव मजुरीच्या पत्रकात कोणत्या दराने लिहिलं आहे. ते नाव नसेल, किंवा तिथे नेहमीच्याच वस्तीतली माणसं गृहीत धरली असतील, तर तो आराखडा परत पाठवावा.

पुण्यात या प्रश्नाला एक उत्तर मिळालेलं आहे. १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बाया कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, जी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. ओळखपत्र, ठरलेला दर, भंगार विकण्याचा हक्क, या तीन गोष्टी त्यांनी भांडून मिळवल्या. ग्रामपंचायतीच्या कचरागाडीवर काम करणाऱ्या माणसाला यांतलं काय मिळतं?

साखर कारखाना हेही याच धड्याचं दुसरं उदाहरण, आणि भोर तालुक्यात निगड्याला राजगड कारखाना असल्याने ते इथल्या माणसाला नवं नाही. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतं, त्यावर बॉयलर चालतो आणि वीजही तयार होते. तीस-चाळीस किलो प्रेसमड खताला जातं, मोलॅसिसपासून अल्कोहोल बनतं, सांडपाणीही प्रक्रिया करून वापरता येतं. महाराष्ट्रातला इतका पूर्ण चक्रीय उद्योग दुसरा क्वचितच असेल. तरी ऊस तोडणारी जोडपी फडात पालात राहतात, आणि वाढ्याच्या मोळ्या रस्त्यावर विकून त्यांना वरखर्च भागवावा लागतो. तिकडे शेतातलं पाचट अजूनही पेटवलं जातं. द्रव्याचं चक्र जुळलं म्हणून माणसाचं आपोआप जुळत नाही.

आता पुन्हा फाट्याकडे. महामार्गावरचं गाव असणं हा कापूरहोळचा त्रास आहे आणि भांडवलही. हॉटेलांतलं खरकटं, वापरून काळं पडलेलं तेल, शहाळ्यांची करवंटी, प्लास्टिकच्या बाटल्या, यांतलं काहीच गावाने निर्माण केलेलं नाही, पण उरतं गावाच्या हद्दीत. खरकट्यातून वायू मिळवण्याचं तंत्र पुण्यातच विकसित झालं. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने दाखवलं, की पिष्टमय खरकटं शेणापेक्षा कितीतरी जास्त वायू देतं, तोही थोड्या वेळात आणि छोट्या टाकीत. या कामाला २००६ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तळणाच्या तेलाबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे: तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वयंपाकात चालत नाही, ते बायोडिझेलसाठी द्यायचं. प्रत्येक हॉटेलाने स्वतंत्रपणे हे करणं महागात पडेल. फाट्यावरच्या हॉटेलांनी मिळून एक टाकी आणि एक गाडी ठेवली, आणि आजूबाजूच्या गावांच्या पंचायतींनी त्यात भागीदारी केली, तर हिशेब जुळण्याची शक्यता दिसते.

फाट्यावर आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे या विषयाचे जाणकार सहसा पाहत नाहीत: दुरुस्तीची दुकानं. जळालेल्या पंपाच्या मोटारीचं वायंडिंग करणारा, ट्रॅक्टरच्या नांगराला वेल्डिंग मारणारा, पंक्चरवाला, मोबाइलची काच बदलणारा पोरगा, आणि जुनं तांबं-लोखंड वजनावर घेणारा भंगारवाला. जळालेली मोटार पुन्हा विहिरीवर पाच वर्षं चालली, तर गावाचे नव्या मोटारीचे पैसे वाचतात आणि मजुरी तालुक्यातच राहते. या माणसांना कर्ज मिळत नाही, प्रशिक्षण मिळत नाही, आणि गावाच्या विकास आराखड्यात त्यांचं नाव नसतं. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या नावाने काही पैसा येणार असेल, तर त्यातला चांगला वाटा या दुकानांत जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. भाटघरचं धरण १९२८ साली पूर्ण झालं, आणि भोरच्या डोंगरात पडलेला पाऊस नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटण, इंदापूरकडे वाहतो. वरच्या वाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा अन्याय मोरीच्या पाण्याने भरून निघणार नाही. तरीही मोरीचं पाणी रस्त्यावर सोडून डास पोसण्यापेक्षा शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळी-अळूला देणं शहाणपणाचं आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना सांडपाण्याचा पुनर्वापर आणि करवसुली यांची सांगड घातली. कर भरणाऱ्या घराला दळण मोफत करून दिलं. करवसुलीची ही तऱ्हा अनेक पंचायतींना उचलण्यासारखी आहे.

पैसा कुठून येणार, असं ग्रामसभेत कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवता येतं. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला: अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. या पैशातून अनेक ठिकाणी कचऱ्याच्या शेड उभ्या राहिल्या आणि कुलूपबंद झाल्या. शेड बांधायला निधी असतो, पण ती रोज चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद कोणी केलेली नसते.

या पानांची मांडणी म्हणूनच थोडी वेगळी आहे. प्रत्येक प्रकरणात आधी ती वस्तू कुठून येते, किती येते, कुठे जाते याचा हिशेब मांडायला सांगितलं आहे, मग तंत्र, आणि त्यानंतर लगेच मजुरीचा दर. हिशेबासाठी गावातल्या मुलामुलींनी वर्षभर नोंदी ठेवाव्यात: किती गोण्या खत आलं, किती सिलिंडर आले, किती तूस जळालं, किती पेंढा विकला गेला, आठवड्याला किती पोती प्लास्टिक निघालं. शाळेच्या वहीत मावेल एवढंच काम आहे, पण या आकड्यांशिवाय ग्रामसभेत होणारी चर्चा अंदाजांवर चालते आणि मोठ्या आवाजाच्या माणसाकडे झुकते. तंत्रांपैकी कोणतं निवडायचं हे गावागणिक बदलेल. ज्या वाडीत जनावरं आहेत तिथे गोबरगॅस, जिथे नाहीत तिथे नाडेप. फाट्यावर खरकट्याची टाकी. भाताच्या गिरणीपाशी तुसाची राख. सगळं एकाच गावात करण्याचा आग्रह कुठेच धरलेला नाही.

पहिलं प्रकरण तुसाचं घेतलं आहे. भात झोडून झाल्यावर गिरण्या सुरू होतात तेव्हा ते भरपूर आणि फुकट मिळतं, ते गोळा करून ठेवायला जातीपातीचा कोणताही जुना अडसर आड येत नाही, आणि फाल्गुनात राब भाजायची वेळ येईपर्यंत शेतकऱ्याकडे तरव्याच्या एका कोपऱ्यात दोन वाफे वेगळे करून बघण्याइतका अवधी असतो. एका वाफ्यात नेहमीचा राब, शेजारच्या वाफ्यात काळी राख. आषाढात लावणीला रोपं उपटताना दोन्हींची मुळं हातात येतील.